म्हात्रेबाईंचं इतिवृत्त

म्हात्रेबाईंशी माझी ओळख झाली ती चुकांमुळे. चुका माझ्या होत्या आणि बाईंनी मोजल्या तेव्हा एकशे बारा भरल्या.

मी तेव्हा बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बंदिस्त केलेल्या गॅलरीत बसून ई-पुस्तकं काढत असे. साहित्य वगैरे नाही. तलाठी, लिपिक, पोलीस अशा भरतीच्या परीक्षांची गाईडं. मी मजकूर जमवायचा, एका टायपिस्ट बाईंनी तो टाइप करायचा आणि एका मोठ्या ऑनलाइन दुकानात पुस्तक चढवायचं. लोक मोबाइलवर विकत घेऊन वाचायचे. एका दुपारी फोन वाजला.

"सावंत का?"

"हो."

"व्याकरणाचं पुस्तक तुमचंच ना, ‘संपूर्ण’ असं नाव असलेलं?"

"हो, माझंच." मला वाटलं कौतुक येतंय.

"मुखपृष्ठावर ‘संपुर्ण’ छापलंय. पु ऱ्हस्व. आतलं सांगू, की एवढ्यावर भागेल?"

मी खुर्चीत सावरून बसलो.

"पान क्रमांक सांगितला असता," बाई पुढे म्हणाल्या, "पण तुमच्या पुस्तकाला पानंच नाहीत. अक्षर मोठं केलं की चूक पुढच्या पानावर पळते. छापील पुस्तकात चूक निदान एका जागी बसून तरी राहायची."

"आपण कोण बोलताय?"

"गिऱ्हाईक," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी मोबाइलवर सहा फोटो आले. वहीची पानं होती. बारीक, उभट, एकसारखं अक्षर, आणि एकशे बारा नोंदी. शेवटी एक ओळ: ‘पुढच्या पुस्तकाआधी दाखवलंत तर बरं पडेल. मुक्ता म्हात्रे, अंबरनाथ पूर्व.’

पुढचं पुस्तक घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

बाईंचं घर म्हणजे एका सात मजली इमारतीचा तळमजला. ती इमारत जिथं उभी होती तिथं त्यांच्या वडिलांची भातशेती होती. जमीन बिल्डरकडे गेली, भावांना वरचे फ्लॅट मिळाले, लग्न न केलेल्या बहिणीला खालचा. पण बाईंच्या डोक्यात सात-बारा अजून जुनाच होता. पाणी आणायला आत जाताना म्हणायच्या, "बांधावरून येते जरा." स्वयंपाकघर बांधावर होतं. झोपायची खोली धाकट्या काकांच्या वाटणीत. मी बसायचो त्या सोफ्याखाली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, पावसाळ्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, सापडायच्या. एकदा मी पाय वर घेतले, तर खूश झाल्या.

उल्हासनगरला चार नंबरच्या कॅम्पात एक छापखाना होता. मालक लालचंदशेठ. तिथं बाईंनी उभी हयात प्रुफं तपासण्यात घालवली. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, गाईडं, निवडणुकीची पत्रकं, जे येईल ते. शेठना मराठी वाचता येत नव्हतं आणि बाईंवर त्यांचा इतका भरवसा होता की बाईंनी मान हलवल्याशिवाय मशीन सुरू व्हायचं नाही. एका आमदाराचं पत्रक बाईंनी ‘जनतेचा सेवक’ ऐवजी ‘जनतेचा शेवट’ असं आलं म्हणून मशीनवर चढण्याआधी परत पाठवलं होतं. "खरं तर सोडून द्यायचं मनात होतं," त्या सांगायच्या, "पण मग शेठच्या पोटावर आलं असतं."

शेठकडून त्यांनी ‘साईं’ ही सिंधी आदराची हाक उचलली होती. बाईंच्या तोंडची हाक हे त्यांच्या मनाचं हवामान असे. ‘अहो सावंत’ म्हणाल्या की सगळं ठीक. ‘सावंतसाहेब’ म्हणाल्या की चूक सापडली. आणि ‘साईं’ म्हणाल्या की आपण कशात तरी सापडलो, फक्त आपल्याला अजून कळायचं आहे. फार संतापल्या की मात्र प्रमाण मराठी गळून पडायची आणि आगरी बोली वर यायची. "मना शिकवतंस काय?" हे मी पहिल्या महिन्यातच ऐकलं. ‘कि’ आणि ‘की’वरून.

छापखाना बंद पडला तेव्हा बाईंनी टॅबलेट घेतला. जुन्या सवयीनं पहिल्याच दिवशी लाल पेन घेऊन बसल्या आणि काचेवर खुणा केल्या. दुकानदारानं वर चिकटवलेली पातळ फिल्म होती म्हणून टॅबलेट वाचला. ती फिल्म त्यांनी नंतर काढून ठेवली होती. त्यावर सात ठिकाणी ‘काना हवा’ असं लिहिलेलं होतं, कशातला काना ते मात्र आता कुणालाच सांगता आलं नसतं.

आणि मग त्यांनी स्वतःचं ई-पुस्तक काढलं. मराठी व्याकरण, भरतीच्या परीक्षांसाठी. एकही चूक नाही. उदाहरणं सगळी घरची. ‘सुमनवहिनी चिंबोऱ्या निवडते’ हे कर्तरी प्रयोगाचं उदाहरण. ‘दादाने मीठ चोरले नाही’ हे कर्मणीचं. दादा म्हणजे थोरला भाऊ. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि या वाक्यावरून दोन महिने बोलत नव्हता.

किंमत तीस रुपये.

"तीसच का?" मी विचारलं. माझं पुस्तक तेव्हा नव्वदला होतं.

"दोन वडापाव. अंबरनाथ स्टेशनबाहेर पंधराला एक मिळतो. एमआयडीसीत पाळी करून अभ्यास करणारी माणसं वाचतात हे. एका संध्याकाळी दोन वडापाव सोडायला त्यांची तयारी असते. त्याहून जास्त सोडायला लावायचं नाही."

"ते दुकान एकोणतीस सुचवतं. तेवढा रुपया कमी केला की खप वाढतो."

"एक रुपया कमी करून माणसापासून तीस लपवायचे? सावंतसाहेब, ही चूकच आहे. फक्त व्याकरणाची नाही एवढंच."

वडापाव अठराचा झाला तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी पुस्तक छत्तीस केलं आणि पुस्तकाच्या माहितीत कारण लिहिलं: ‘बटाटे महागले.’

बाईंचं पुस्तक धो धो खपू लागलं. आमच्याकडे, म्हणजे कल्याणपासून बदलापूरपर्यंत भरतीची ई-गाईडं काढणारे जे आम्ही आठ जण होतो त्यांच्याकडे, त्याच वेगानं खप आटला. दुकानात शोधलं की आमच्या नव्वद-शंभराच्या रांगेत बाईंचं छत्तीसचं पुस्तक सगळ्यात वर. मग एकानं साठ केले. दुसऱ्यानं पन्नास. मी पंचेचाळीसवर आलो आणि टायपिस्ट बाईंना आठवड्यातून तीनच दिवस यायला सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला बाईंचा राग येऊ लागला होता.

अशात घाडग्यांचा फोन आला. घाडगे म्हणजे आमच्या धंद्यातले थोरले. उल्हासनगरला त्यांचं ऑफिस, चार माणसं कामाला, पूर्वी छापील गाईडं काढायचे, आता ई-पुस्तकं. माणूस वाईट नव्हता. फक्त आपल्यामुळे सूर्य उगवतो अशी त्याची समजूत होती.

"रविवारी अंबरनाथ पूर्वेला बसू या," घाडगे म्हणाले. "हॉटेलचा हॉल घेतलाय. सगळे मिळून एक समजूत करू. नाश्ता माझ्याकडून. त्या म्हात्रेबाईंना तुम्ही घेऊन या, तुमचं ऐकतात म्हणे."

बाई कुणाचंही ऐकत नव्हत्या, पण मी विचारलं.

"नाश्त्याला काय आहे?" बाई म्हणाल्या.

"साबुदाणा वडा आणि शिरा."

"येते, साईं."

मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

रविवारी सकाळी आम्ही आठ जण आणि बाई. घाडग्यांच्या शेजारी हरेशभाई बसले होते. उल्हासनगर पाच नंबरला त्यांचे क्लासेस आणि त्याचीच पुस्तकं. घाडग्यांनी सुरुवात केली की मराठी ई-पुस्तक जगलं पाहिजे, आपण एकमेकांचे गळे कापतोय. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून फुलस्केप काढला.

"हे काय, बाई?"

"इतिवृत्त. सभा आहे ना? इतिवृत्त नसलं तर नुसत्या गप्पा."

"अहो, अनौपचारिक आहे हे."

"म्हणून पेन्सिलीनं लिहिते."

सगळे हसले. घाडगेही हसले. म्हातारीला काहीतरी काम हवं, अशा नजरेनं एकमेकांकडे बघून आम्ही पुढं बोलू लागलो. घाडगे म्हणाले, सोमवारपासून कुणीही एकशे नव्याण्णवच्या खाली विकायचं नाही.

"दोनशे म्हणा ना," बाई मान वर न करता म्हणाल्या. "सूचक श्री. घाडगे. अनुमोदक कोण?"

एकही हात वर गेला नाही.

"अनुमोदन नसेल तर ठराव पडतो," बाईंनी अगदी काळजीनं सांगितलं. घाडग्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. आजही तो हात आठवला की खाली घ्यावासा वाटतो.

"अनुमोदक श्री. सावंत," बाईंनी लिहिलं. "पुढं?"

"और जो नहीं मानेगा?" हरेशभाईंनी विचारलं. "उसको तो सबक सिखाना पडेगा ना साईं."

"‘सबक’ ठरावात शोभत नाही," बाई म्हणाल्या. "नेमकं काय करणार ते सांगा, म्हणजे शब्द शोधते."

हरेशभाईंनी बिचाऱ्यांनी नेमकं सांगितलं. प्रत्येकानं तीन-तीन खात्यांवरून त्या पुस्तकाला एक तारा द्यायचा आणि खाली वाईट अभिप्राय लिहायचा. बाईंनी ‘प्रत्येकी तीन खात्यांवरून, एक तारा, प्रतिकूल अभिप्रायासह’ असं लिहून ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "असं चालेल?"

"एकदम बरोबर," हरेशभाई म्हणाले. इतकं चांगलं आपलं म्हणणं कुणी मांडलं नव्हतं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

मग मी एकदाच तोंड उघडलं. बाईंकडे बघून म्हणालो, "बाई, तुमचं भागतं. घर तुमचं, माणूस कामाला नाही. आमचं नाही भागत. टायपिस्टला काय वडापाव देऊ?"

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "मग वाढवा की किंमत. दोनशे करा, पाचशे करा. तुमच्या पुस्तकाच्या जिवावर, एकट्यानं. पुस्तक चांगलं असेल तर घेतील लोक. मला कशाला त्यात बांधता? आणि घेणाऱ्याला दुसरीकडे जायची वाट का बंद करता?"

शिऱ्याचा वास येऊ लागला होता. बाईंनी ‘श्रीमती म्हात्रे यांनी विरोध नोंदवला’ असं लिहिलं, अख्खं इतिवृत्त पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात वाचलं आणि म्हणाल्या, "कुणाची हरकत? नाही ना? मग इथं सह्या करा. नाश्त्याची कुपनं माझ्याकडे दिलीत काउंटरवाल्यानं."

आम्ही आठही जणांनी रांगेत उभं राहून सह्या केल्या. पेननं. शिरा छान झाला होता.

सोमवारी आमची सगळ्यांची पुस्तकं एकशे नव्याण्णव झाली. बाईंचं छत्तीसच. मंगळवारपासून त्यांच्या पुस्तकावर एक-एक तारा पडू लागला. माझ्या वाटच्या तीन खात्यांपैकी मी एकावरून दिला. दोन देववले नाहीत. एवढाच माझा त्यातला मोठेपणा.

बाई खचतील असं सगळ्यांना वाटलं होतं. बाई कामाला लागल्या. प्रत्येक अभिप्रायाखाली त्यांनी उत्तर दिलं. ‘बकवास पूस्तक’ याखाली: ‘पुस्तकातला पु ऱ्हस्व. प्रकरण दोन पाहावे.’ ‘लेखिकेला व्याकरन येत नाही’ याखाली: ‘व्याकरण. ण. सराव तीन सोडवावा.’ एकानं नुसतंच ‘थर्ड क्लास’ लिहिलं, त्याला उत्तर होतं: ‘शब्द परभाषेतले असले तरी शुद्ध आहेत. अभिनंदन.’ अभ्यास करणाऱ्या पोरापोरींनी त्याचे फोटो काढून एकमेकांना पाठवले. लोक अभिप्राय वाचायला यायचे आणि पुस्तक घेऊन जायचे. माझ्या एका ताऱ्याखालीही उत्तर होतं: ‘या अभिप्रायात चूक नाही. म्हणजे माझ्याच हाताखालून गेलेलं कुणीतरी आहे.’ ते वाचून मी दोन दिवस त्यांचा फोन घेतला नाही.

मग घाडग्यांनी वर्मी घाव घातला. ऑनलाइन दुकानाकडे तक्रार केली की बाईंचं पुस्तक म्हणजे त्यांच्या जुन्या छापील गाईडाची नक्कल आहे. पुराव्याला त्या गाईडाची पानं जोडली. त्यात खरंच होतं: ‘सुमनवहिनी चिंबोऱ्या निवडते.’ ‘दादाने मीठ चोरले नाही.’ ते गाईड पूर्वी लालचंदशेठच्या छापखान्यात छापलं होतं. उदाहरणं कमी पडत होती म्हणून बाईंनीच बसल्या बैठकीत भरून दिली होती. पण पुस्तकावर नाव घाडग्यांचं आणि सालही आधीचं. दुकानानं दोन्हीकडची सालं पाहिली आणि बाईंचं पुस्तक काढून टाकलं. लिपिकाची परीक्षा महिन्यावर आली होती.

मला राहवलं नाही, भेटायला गेलो. बाई सोफ्यावर बसल्या होत्या, टॅबलेट मांडीवर, पडदा काळा. मी पहिल्यांदाच त्यांना रिकाम्या हातानं बसलेलं पाहिलं.

"माझी वहिनी," त्या म्हणाल्या, "माझ्या सख्ख्या भावाची बायको. आणि ते म्हणतात मी तिला त्यांच्याकडून उचलली."

एवढंच. मग दाराची बेल वाजली. एक बाई आल्या होत्या, तिशीच्या, एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. पाळी सुटल्यावर पत्ता विचारत थेट आलेल्या. नाव कविता. "ताई, मला आणि नणंदेला तुमचं पुस्तक घ्यायचं होतं, दिसतच नाही. बाकीची सगळी दोनशेला. दोघींची परीक्षा आहे. चारशे कुठनं आणू?"

मी खाली बघत राहिलो. त्या ‘बाकीच्या सगळ्यां’त मी होतो.

"रविवारी सकाळी या दोघी," बाई म्हणाल्या. "तोंडी सांगते."

पुढचे चार रविवार इमारतीच्या पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत, बाईंनी अख्खं व्याकरण तोंडी शिकवलं. पहिल्या रविवारी दोघी होत्या, शेवटच्या रविवारी गाड्या बाहेर काढाव्या लागल्या. थोरला दादा वरच्या खिडकीतून बघायचा. ‘दादाने मीठ चोरले नाही’ हे वाक्य आलं की सगळ्या मिळून म्हणायच्या आणि वरती खिडकी लागायची.

पहिल्या आणि दुसऱ्या रविवारच्या मधला एक गुरुवार. सकाळी साडेदहाला आमच्या दारात बाई उभ्या. रिक्षा खाली थांबवलेली. आत येऊन बसल्याही नाहीत. हातात एक कागद दिला. इतिवृत्ताची झेरॉक्स. पेन्सिलीवर आता शाई फिरली होती. खाली आमच्या आठ सह्या, आणि त्याखाली टाइप केलेलं: ‘दुरुस्ती असल्यास सात दिवसांत कळवावी. अन्यथा इतिवृत्त कायम समजून पुढे पाठवण्यात येईल.’

"पुढे म्हणजे कुठे, बाई?"

"दिल्लीला. किमती ठरवून घेणाऱ्यांवर नजर ठेवायला आयोग आहे तिथं. स्पर्धा कायदा. त्याचं गाईड आमच्याच छापखान्यात छापलं होतं, तीन वेळा वाचलंय मी. तिसऱ्या कलमात एक वेलांटी राहिली होती." मग जरा आवाज खाली आणला. "त्यात एक सोय आहे, साईं. जो पहिला जाऊन खरं सांगतो, त्याला दंडात सूट मिळू शकते. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला त्याहून कमी. तुम्ही ओळखीचे म्हणून सांगितलं."

आणि रिक्षात बसून गेल्या.

मी झेरॉक्स हातात घेऊन गॅलरीत बसलो. ‘अनुमोदक श्री. सावंत.’ एक चूक काढायला मिळेना. भीती होतीच; पण भीतीपेक्षा कविताचं ‘चारशे कुठनं आणू’ जास्त टोचत होतं. दुपारी मी पुस्तकाची किंमत खाली आणली. टायपिस्ट बाईंचे पैसे, माझं वीजबिल, माझी मेहनत धरून मला खरोखर परवडेल ती, साठ. मग म्हटलं, घाडग्यांना तोंडावर सांगून यावं की मी बाहेर पडलो. उल्हासनगर गाठलं.

त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात हरेशभाई उतरताना दिसले. मला बघून त्यांनी फाईल पाठीमागे लपवली.

"तुम्ही इकडे?"

"ऐसे ही. तबियत पूछने. और आप?"

"मीही तब्येतच विचारायला."

वर गेलो तर आणखी चार जण बसलेले. सगळे तब्येत विचारायला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. शेवटी कल्याणचे कुलकर्णी फुटले. "सकाळी बाई आल्या होत्या माझ्याकडे. म्हणाल्या, ओळखीचे म्हणून सांगते..."

"माझ्याकडे पण," दुसरे म्हणाले. "मला म्हणाल्या, तुम्हालाच सांगते."

बाईंनी एका सकाळी, एकाच रिक्षात, कल्याण ते बदलापूर आठही जणांना एकच कागद आणि एकच गुपित वाटलं होतं. आणि किमतीत स्पर्धा नको म्हणून सह्या केलेले आम्ही, आधी कबुली कोण देतो याच्या स्पर्धेला निघालो होतो. जो तो दुसरा दिल्लीला लिहितोय का, ते बघायला आला होता.

"घाडगे कुठायत?" मी विचारलं.

"बाहेर गेलेत. अर्जंट काम आहे म्हणाले."

आठवड्याभरात सगळ्यांच्या किमती ज्याच्या त्याच्या झाल्या. कुणी ऐंशी, कुणी साठ, कुणी दीडशेवर थांबला आणि त्याचंही बरं चाललं. घाडग्यांनी तक्रार मागे घेतली. बाईंचं पुस्तक परीक्षेच्या आधी नऊ दिवस पुन्हा दिसू लागलं. आता त्याच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढली होती: ‘यातली उदाहरणे लेखिकेच्या घरातली असून इतरत्र आढळल्यास ती पाहुणी समजावीत.’

मी पेढे घेऊन गेलो. आधी माझ्या एका ताऱ्याची कबुली दिली. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "विरामचिन्हं जागच्या जागी होती." मग मला राहवेना. "बाई, त्या दिवशी घाडगे कुठं गेले होते?"

बाई बांधावर जाऊन चहा घेऊन आल्या. मग टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. घाडग्यांच्या लेटरहेडवर दिल्लीला लिहिलेला अर्ज. सगळ्यात आधी आपणच खरं सांगत आहोत, असा मजकूर. आणि त्यावर जागोजागी लाल शाईच्या खुणा.

"इथं आले होते?"

"त्याच संध्याकाळी. म्हणाले, दिल्लीला पाठवायचाय, चुका नकोत. जरा नजर टाकता का?" बाईंचा चेहरा अगदी सरळ होता. "टाकली. एकवीस निघाल्या. पैसे देत होते, घेतले नाहीत. कबुली तपासायचे पैसे घेत नाहीत."

"मग?"

"मग मी म्हटलं, साईं, अर्ज शुद्ध झाला, पण यात एक वाक्य राहिलंय. माझ्या पुस्तकाबद्दलचं. ते दुकानाला आधी लिहा, मग हे दिल्लीला. ते त्यांनी इथंच बसून लिहिलं. त्यात एकही चूक नव्हती. मीच सांगत होते ना."

"आणि दिल्लीला? तुम्ही पाठवलंत का इतिवृत्त?"

"इतिवृत्त कायम झालंय," बाई म्हणाल्या आणि पेढा फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. याहून जास्त त्यांनी कधीच सांगितलं नाही. मी पुढं बरेच दिवस पोस्टमनची चाहूल लागली की गॅलरीतून खाली बघायचो. घाडगेही बघत असणार.

कविता पास झाली. नणंद राहिली; तिनं पुढच्या वर्षी पुन्हा दिली. घाडग्यांची नवी पुस्तकं बाईंच्या हाताखालून जाऊ लागली. ते दर पानामागे त्यांना रोख द्यायचे आणि बाई त्यांना ‘सावंतसाहेब’ याच सुरात ‘घाडगेसाहेब’ म्हणायच्या. बिचाऱ्यांना तो मान वाटायचा.

बाई गेल्या त्या अलिबागला, भाचीकडे. छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला चार दिवसांनी कळलं. त्यांचं पुस्तक दुकानात आहे अजून. किंमत बदलायला आता कुणी नाही.

त्याच्या काही महिने आधी त्या मला शेवटच्या दिसल्या. एप्रिलमधली भर दुपार होती. मी स्कूटरवरून अंबरनाथला चाललो होतो आणि पुढे रस्ता बंद. त्यांच्याच भावकीतल्या कुणाची तरी वरात निघाली होती, बँड लावून. मागे एमआयडीसीची कंपनीची बस, दोन टेम्पो, पंधरा-वीस रिक्षा, सगळे हॉर्न वाजवतायत आणि बँडवाल्यांनी आणखी जोर धरलाय. मी वाट काढत पुढं गेलो, तर बँडच्या अगदी समोर म्हात्रेबाई. हिरवं नऊवारी, कपाळावर घाम, केसात मोगरा, चष्मा नाकावर घसरलेला. नाचत होत्या. नवऱ्या मुलाच्या घोड्यापुढं, चार बायकांच्या मधोमध, कंबरेवर एक हात ठेवून, चुकत, हसत, ताल सोडून. शेजारच्या एका दांडग्या बाईला कोपरानं ढकलून जागा करत होत्या. बहुधा त्याच सुमनवहिनी.

बसचा ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला, तशा बाईंनी नाचता नाचता त्याच्याकडे वळून पाहिलं, तळहात वर करून त्याला थांब अशी खूण केली आणि पुन्हा वळल्या. तेवढ्यात मी दिसलो. काहीतरी म्हणाल्या, बँडमुळे ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला. मग त्या पुढं आल्या, तोंडाशी हात धरून पूर्ण जोरानं ओरडल्या, "ए बदलापूर! उभा कनाला ऱ्हायलास? नाच!"

मी स्कूटर बाजूला घेऊन बंद केली आणि चावी खिशात टाकली.